अंगवळणी पडलेली वारी



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. या अंकाच्या निमित्तानं दिंडीच्या जुन्या वह्या खाली काढल्या. झटकून, उन्हात टाकून वाचल्या. भिशी किती जमली, शिधा किती लागला, बैलगाडीचं भाडं काय, मृदंगाला शाई भरायला किती दिले, कुठल्या मुक्कामाला कुणी पंगत घातली, सगळं लिहिलेलं आहे. आधीच्या वह्यांत सहीच्या जागी अंगठेच जास्त.

त्या अंगठ्यांकडे बघून एक प्रश्न मनात आला आणि जाईना. ज्यांना सही येत नव्हती त्या माणसांना शे-दीडशे अभंग तोंडपाठ होते. दुष्काळ पडला, घरात कर्तं माणूस गेलं, तरी ती मोडून पडत नव्हती. भाऊबंदकीतला वाद पोटात घालून पुन्हा एका बांधावर बसत होती. ना शाळा, ना पोथी वाचता येत होती. मग हे शहाणपण त्यांच्यात शिरलं कुठून?

मला सुचलेलं उत्तर साधं आहे. ते डोक्यातून आत गेलं नाही. पायांतून, हातांतून, कंबरेतून, गळ्यातून आत गेलं. आधी अंग शिकलं, मग मन शिकलं.

यात नवीन काही नाही. ‘जात्यावर बसलं की ओवी सुचते’ असं आपल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आल्या. नीट ऐकलं तर या म्हणीत मोठी गोष्ट आहे. ओवी आधी सुचली आणि मग ती म्हणायला बाई जात्यावर बसली, असं नाही. खुंटा हातात आला, दंडाला ओढ बसली, दगडाची घरघर सुरू झाली, अंग पुढं-मागं व्हायला लागलं आणि त्या हालचालीतून शब्द बाहेर आले. माहेर, भाऊ, सासुरवास आणि त्यातच पंढरीचा विठ्ठल. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी गावोगाव फिरून अशा लाखावर ओव्या जमवल्या. आता पिठाच्या गिरण्या आल्या. ज्या घरातलं जातं उचललं गेलं त्या घरातली ओवीही हळूहळू गेली. बाईची बुद्धी काही कमी झाली नाही, पण ओवी सुचायची जागा गेली.

आपली मराठीसुद्धा हेच सांगते. गर्वाला आपण ‘ताठा’ म्हणतो. ताठा मानेत असतो, पाठीच्या कण्यात असतो. नम्र या शब्दाच्या मुळाशीही वाकणंच आहे. क्षमा करणं म्हणजे पोटात घालणं. सवय झाली म्हणजे अंगवळणी पडली. गुण आला म्हणजे अंगी बाणला. नुसतं कळलं त्याला आपण म्हणतो, ‘कळतं पण वळत नाही.’ वळायचं असतं ते अंगाला. गीतेच्या तेराव्या अध्यायात तर शरीरालाच क्षेत्र म्हटलं आहे आणि ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये सांगितलेल्या ज्ञानेश्वरीत त्याचा मोठा विस्तार आहे. आपण आळंदीला, देहूला, पंढरपूरला क्षेत्र म्हणतो. एक क्षेत्र चालत दुसऱ्या क्षेत्राला जातं, त्याचं नाव वारी.

आता थोडा इतिहास बघू.

वारी ज्ञानदेवांच्याही आधीपासून चालत आली, असं परंपरा सांगते. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ च्या सुमारास पादुका पालखीत ठेवून सोहळा सुरू केला. पुढं एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तिसाएक वर्षांत हैबतबाबा आरफळकर यांनी माउलींच्या पालखीला आजचं रूप दिलं. हैबतबाबा सातारकडच्या आरफळचे. ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी सरदारकी केलेला माणूस. फौज कशी चालते, तळ कसा पडतो, हजारो माणसं एका इशाऱ्यावर कशी थांबतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. ती शिस्त त्यांनी भजनाला लावली. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून घोडे आले, तंबू आले. रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांचे क्रमांक ठरले. उठायचं कधी, निघायचं कधी, कुठल्या वेळी कुठले अभंग, हे सगळं लागून गेलं.

हैबतबाबांनी लोकांपुढं समतेवर व्याख्यानं दिली नाहीत. त्यांनी लोकांना ओळीत उभं केलं. ओळीत उभं राहिलं की पाटील असो की पाटलाचा गडी, पाऊल एकाच तालावर टाकावं लागतं. पखवाज कुणाची जहागीर बघून वाजत नाही.

ज्यांनी तळावरची समाजआरती पाहिली आहे त्यांना पुढची गोष्ट माहीत आहे, पण नव्या पोरांसाठी लिहितो. रात्री मुक्कामाला दिंड्या गोल उभ्या राहतात. हजारो टाळ एकदम वाजत असतात. चोपदार चोप वर करतात आणि क्षणात सगळं शांत होतं. मग ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी टाळ वाजवत राहते. ओरडायचं नाही, भांडायचं नाही, फक्त टाळ थांबवायचा नाही. चोपदार त्या दिशेनं जातात, गाऱ्हाणं ऐकून घेतात, ते सगळ्यांपुढं सांगितलं जातं आणि निवाडा होतो. रागावलेल्या माणसाला ‘शांत हो’ म्हणून सांगण्यापेक्षा त्याच्या हाताला काम दिलं. हात तालात असला की जिभेला धार राहत नाही. दोन माणसांच्या भांडणात टाळ हातात घेऊन बघा, शिवी तालात बसत नाही.

आता चालण्याकडं येऊ. आळंदी ते पंढरपूर म्हणजे साधारण अडीचशे किलोमीटरची वाट. ज्येष्ठ वद्य अष्टमीला प्रस्थान आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपूर. पुणे ते सासवड हा सर्वांत लांबचा टप्पा आणि त्यातच दिवे घाट. पहिल्यांदा वारीला आलेला माणूस घाटाच्या पायथ्याशी काय बोलत असतो ते ऐका. घरचं, शेतीचं, पोराच्या नोकरीचं, कोर्टाच्या तारखेचं. अर्ध्या घाटात श्वास लागतो, तेव्हा लांबलचक वाक्यं तुटतात. वरच्या वळणाला तोंडात दोनच शब्द उरतात, ज्ञानबा-तुकाराम. एका पावलाला ज्ञानबा, दुसऱ्याला तुकाराम. त्या माणसाची काळजी कुणी उपदेश करून काढलेली नसते. श्वासाला जागा पुरेना म्हणून ती आपणहून खाली उतरते. सासवडला पोचल्यावर काळजी परत भेटते, नाही असं नाही. पण तिच्यावाचून दोन तास काढता आले, एवढं त्याला कळलेलं असतं. हे कळणं एकदा पायांना झालं की विसरत नाही.

पाठांतराचंही तसंच. घरी बसून अभंग पाठ करायला घ्या, चार ओळींना घाम फुटतो. दिंडीत तोच अभंग पुढच्यानं म्हणायचा, मागच्यांनी धरायचा, पावलाबरोबर, टाळाबरोबर. तीन वाऱ्यांत तो तोंडात बसतो. शिवाय प्रत्येक अभंगाला आपली वेळ आणि जागा आहे. काकड्याचे वेगळे, वाटचालीचे वेगळे, संध्याकाळी हरिपाठ. वेळापूरच्या अलीकडं धावा होतो. तिथून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. आपणही तिथं धावतो. सत्तरीची म्हातारी लुगडं सावरत धावते. तिला विचारा, तुकोबांना त्यावेळी काय वाटलं असेल? ती सांगणार नाही. छातीवर हात ठेवून धापा टाकत हसेल. तिचं उत्तर तेच.

इंद्रायणीत बुडवलेली गाथा लोकांच्या मुखात तरली, असं आपण म्हणतो. मुखात तरली म्हणजे माणसांच्या अंगात तरली. मुंबई सरकारच्या मदतीनं गाथेचे छापील खंड १८६९ आणि १८७३ साली निघाले. जोग महाराजांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली ती १९१७ साली. छापील गाथा आणि संस्था येण्याच्या आधी सव्वादोनशे वर्षं तुकोबा वह्यांत होते तसेच गळ्यांत आणि पायांत राहत होते.

शिकलेल्या जगालाही हे अलीकडं पटू लागलं आहे. विल्यम जेम्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १८८४ साली लिहिलं की, दुःख झालं म्हणून रडू येतं असं आपण समजतो, पण आधी अंग रडतं आणि त्या रडण्याची जाणीव म्हणजेच दुःख. त्याचं म्हणणं सगळंच्या सगळं टिकलं नाही. पण मन म्हणजे डोक्यातला एकटा धनी आणि अंग म्हणजे त्याचा गडी, हा समज तेव्हापासून हलला. प्रयागच्या माघमेळ्यात महिनाभर थंडीत राहून गंगेत स्नान करणाऱ्या कल्पवासींचा अभ्यास भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांनी केला, तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. थंडी, गर्दी, गोंगाट, गैरसोय एवढी सगळी सोसूनही मेळ्याहून परतलेल्या लोकांना, घरीच राहिलेल्या शेजाऱ्यांच्या मानानं, आपली तब्येत आणि मन बरं वाटत होतं. वारकऱ्याला यात नवल नाही. पण आपण भोळेपणानं म्हणत होतो ते मोजूनही तसंच निघालं, याचा आनंद आहे.

इथपर्यंत सगळं गोड झालं. शंभर वर्षांच्या अंकात नुसतं गोडच लिहिलं तर तो खोटेपणा होईल.

अंग चांगलं शिकतं, तसं वाईटही शिकतं. दिंडीच्या जुन्या वहीत सरपणाचा खर्च आहे आणि त्यापुढं लिहिलंय, ‘दोन चुली’. एकाच दिंडीत, एकाच टाळाच्या मागं दिवसभर चालून, रात्री पंगती वेगळ्या बसत होत्या. हे आपल्याच दिंडीत होतं असं नाही. इरावती कर्वे पालखीबरोबर चालत गेल्या होत्या. त्यांच्या ‘वाटचाल’ या लेखात त्यांनी हेच पाहून लिहिलं आहे. अभंग एक, वाट एक आणि जेवण वेगळं, याचं त्यांना फार वाईट वाटलं. वाटेवर वाकणारं अंग पानावर बसताना ताठ होत होतं.

आणि ज्यांना पंगतीतसुद्धा जागा नव्हती त्यांचं काय? पंढरपूरच्या महाद्वारापाशी चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्याला वेस कोसळून चोखोबा गेले. नामदेवराय त्यांच्या अस्थी शोधायला गेले आणि ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून उचलून आणली, अशी कथा आपण कीर्तनात ऐकतो. ऐकताना डोळ्यांना पाणी येतं. हाडांपर्यंत नाम मुरलेल्या या संताच्या समाधीपाशीच त्यांच्या जातीच्या माणसांना थांबावं लागत होतं. पुढं पाऊल टाकायची मुभा नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं, तेव्हा ते दार सगळ्यांना उघडलं. कीर्तनं, प्रवचनं शेकडो वर्षं चालू होती. शेवटी एका माणसाला आपली काया पणाला लावावी लागली.

दार उघडलं म्हणजे अंग उघडलं असं नाही. माझी आजी या दिंडीत चालायची. तिनं मला स्वतः सांगितलेली गोष्ट आहे. वाटेत गावकुसाबाहेरच्या वस्तीतले एक म्हातारबाबा भेटायचे, मागच्या एका दिंडीत चालायचे. माउली म्हणून दोघं एकमेकांच्या पाया पडायचे. एकदा उन्हाच्या तडाख्यात बाबांनी तांब्या पुढं केला. आजी म्हणायची, “मन कवाच हो म्हणालं हुतं रं. पण हात पुढं येईना.” तिनं पाणी घेतलं नाही. बाबा काही बोलले नाहीत, तांब्या खाली ठेवून चालू लागले. ती पुढं म्हणायची, “त्या दिवशीचा हरिपाठ माझ्या तोंडाला लागला न्हाई.”

दुसऱ्या वर्षी ती आपणहून बाबांना हुडकत मागच्या दिंडीत गेली आणि पाणी मागितलं. बाबांनी तांब्या वर धरला आणि तिच्या ओंजळीत वरून धार सोडली. त्यांनाही जन्मभर तेच वळण लावलेलं होतं. तिनं तांब्या हातात घेतला आणि तोंडाला लावला. “पहिल्या दिशी घास अडकावा तसा घोट अडकला. दुसऱ्या दिशी थोडा कमी. चौथ्या दिशी निस्ती तहान लागली बघ.”

मी आजवर ऐकलेल्या कुठल्याही भाषणापेक्षा हे ‘चौथ्या दिवशी नुसती तहान लागली’ मला मोठं वाटतं. मात्र एक विसरायचं नाही. आजीला मोडायची होती एक सवय. बाबांच्या अंगावर जन्मभराचा अपमान होता. दोघांचं ओझं सारखं नव्हतं. ते मोडण्याची जबाबदारी आजीचीच होती, हे तिला कळलं, एवढंच तिचं पुण्य.

वहीत पुढं काही वर्षांनी सरपणाचा खर्च एकाच चुलीचा लागलेला आहे. ठराव नाही, सभा नाही. नुसता आकडा कमी झाला आहे. शंभर वर्षांच्या हिशेबात मला तो आकडा सर्वांत मोलाचा वाटतो.

२०२० आणि २०२१ साली करोनामुळं पायी वारी झाली नाही. पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. घरात बसून टीव्हीवर सगळं दिसत होतं, माहिती सगळी होती. तरी आषाढ लागला आणि आपल्या गावातली जुनी माणसं पहाटे अंगणात फेऱ्या मारायला लागली. कुणी देवळाला प्रदक्षिणा घालत होतं. “पाय शिवशिवत्यात,” एवढंच म्हणायची. पांडुरंगाच्या पायांवर डोकं ठेवायचं दर्शनही बंद होतं, ते २०२२ साली पुन्हा सुरू झालं. मुखदर्शनात देव दिसतो. पण कपाळाला दगडाचा गारवा लागला की आत काहीतरी जागेवर बसतं. ते डोळ्यांना जमत नाही.

आता पुढच्या शंभर वर्षांचं. आपल्या दिंडीतही हल्ली सामानाच्या ट्रकमध्ये बसून येणारी तरणी पोरं वाढली आहेत. एक टाळकरी ओळीत कमी असला तर भोंग्याचा आवाज वाढवला जातो. मोबाईल वर धरला की टाळ खाली जातो. मी कुणाला नावं ठेवत नाही. पण पाहणं वेगळं आणि चालणं वेगळं. वारीचं चित्रण शंभर वेळा पाहिलं तरी ते अंगवळणी पडणार नाही.

ज्यांचे गुडघे गेले, ज्यांना पायच नाहीत, जे अंथरुणाला खिळलेत, त्यांचं काय, असं कुणी विचारेल. त्यांचा अधिकार तसूभरही कमी नाही. कुणाचं अंग पायानं वारी करतं, कुणाचं हातानं, कुणाचं नुसत्या श्वासानं. आपल्या दिंडीचे एक विणेकरी शेवटच्या वर्षी खाटेवरून उठू शकत नव्हते. दिंडी निघायच्या दिवशी त्यांच्या मांडीवर दोन बोटं तालात हलत होती. वारी कोण किती किलोमीटर चालला याची शर्यत नाही. जेवढं अंग आहे तेवढं लावायचं.

म्हणून दिंडीच्या चालकांना आणि घराघरातल्या माउलींना हात जोडून विनंती आहे. पोरांना वारीबद्दल सांगू नका, एक टप्पा तरी चालवा. त्यांच्या हातात टाळ द्या, चुकला तरी काढून घेऊ नका. पंगतीत त्यांना वाढायला लावा आणि ज्याच्याशी गावात बोलणं नाही त्याच्याच पानावर आधी वाढायला लावा. अनोळखी माणसाच्या पाया पडायला शिकवा, त्याची जात विचारायच्या आत. पटो न पटो, आधी वाकू दे. मान वाकली की मन तिच्या मागनं येतं. आजीचं आलं, तसं त्यांचंही येईल. वेळ लागेल, चार दिवस लागतील, चार वाऱ्या लागतील.

विठोबा विटेवर उभा आहे, कमरेवर हात ठेवून, दोन्ही पाय सारखे टेकवून. तो काही बोलत नाही. नुसता उभा राहून शिकवतो आहे. आपण चालून शिकावं, एवढंच.

रामकृष्णहरी.